विषय क्रमांक 4 : नवा संगणक

आमच्या सोसायटीत सदनिका 40 आणि संगणक एक. महिन्याची 40 बिलं काढायची, थकबाकीदारांची यादी छापायची आणि ‘टाकी धुणार असल्याने उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना तारीख बदलून पुन्हा लावायची, एवढं त्याचं काम. या ओझ्याखाली तो कालबाह्य झाला. बिघडला नाही हं. बिघडलेलं यंत्र सुरू होत नाही. कालबाह्य यंत्र नीट सुरू होतं, फक्त त्याची आपल्याला लाज वाटू लागते.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरचा हात काढून घेतला. विंडोज 11 घालावं, तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर मान्य यादीतला हवा, म्हणजे इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा सहाव्या पिढीचा. पत्रिका जमली नाही. पैसे भरून वर्षभर मुदतवाढ मिळते, असं कुणी तरी सुचवलं. पण मुदतवाढ आमच्याकडे फक्त थकबाकीदारांना देतात.

तेव्हा सर्वसाधारण सभेत चिटणीसांनी ‘कोपायलट प्लस’ संगणकाचा ठराव मांडला. त्यात एआयची कामं करणारा एनपीयू असतो आणि तो सेकंदाला किमान 40 लाख कोटी क्रिया करतो. म्हणजे दर सदनिकेमागे सेकंदाला एक लाख कोटी! ‘मग 302 ची थकबाकी वसूल होईल का?’ असं पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं. अध्यक्षांनी प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा ठरवला.

खजिनदारांनी नसता इतिहास उकरला. विंडोज 95 ला किमान 4 एमबी मेमरी पुरायची. विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते, म्हणजे हजारपटीहून जास्त, आणि कोपायलट प्लसला 16 जीबी. बिलं मात्र तीच. वाढली ती फक्त रक्कम. 1995 सालीच पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी लिहून ठेवलं होतं, की यंत्रं जेवढ्या वेगाने वेगवान होतात त्याहून वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं. कॉलेजात पास्कल घोकलेले सभासद आदराने माना डोलावत राहिले आणि मग त्यांनी नव्या संगणकाच्या बाजूने हात वर केले.

त्यांचंही चूक नाही. बटण दाबलं की संगणक आधी स्वतःचं उरकतो: अपडेट उतरवतो, व्हायरस शोधतो, फायली क्लाउडवर चढवतो. ब्राउझरमध्ये वीजबिलाचं पान उघडायला जावं, तर शेजारच्या टॅबमध्ये जाहिरातींचे व्हिडिओ आपण न सांगता नाचत असतात. या सगळ्यांतून उसंत मिळाली, तर आपलं बिल. इतक्या मंडळींचं पोट एका यंत्राने भरायचं, तर यंत्र दणकट हवंच. आपण त्यांतले सगळ्यांत कमी खाणारे.

खरी गरज असलेली व्यक्ती सभेत एकच होती. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी व्हिडिओ एडिटिंग करते, तिने आपल्या पैशाने तगडा संगणक घेतलाय. ती म्हणाली, ‘काका, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, लिनक्स चढवा, बिलं झरझर निघतील.’ सूचना सपशेल फेटाळली गेली. इतक्या थोडक्या खर्चासाठी तीन कोटेशनं कुणाकडून मागवायची आणि उपसमिती कशावर नेमायची?

ठराव बहुमताने मंजूर झाला. संगणक आला, ऑफिसात हार घालून बसवला. चिटणीसांनी पार्किंगची सूचना लिहायला एआयला सांगितलं. त्याने सव्वादोन पानांची, ‘प्रिय मूल्यवान रहिवाशांनो’ अशी सुरुवात असलेली सूचना क्षणार्धात लिहिली. ती छापली गेली नाही, कारण सोसायटीच्या जुन्या प्रिंटरला या नव्या संगणकासाठी ड्रायव्हरच मिळेना. वॉचमनने फळ्यावर खडूने ‘गाडी नीट लावा’ लिहिलं.

प्रिंटरचा विषय पुढच्या सभेत क्रमांक 2 वर घेतला आहे. कोटेशनं मागवली आहेत.