तळं कुणाच्या तीर्थरूपांचं?

अमेरिकेत थंडीची चाहूल लागली की बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि त्याच सुमारास मासाही गळाला चांगला लागतो. मग एकाच तळ्यावर, एकाच पहाटे, दोन जातींची माणसं शांतता उपभोगायला येतात आणि एकमेकांचा उद्धार करत घरी जातात.

शिकारी अंधारातच लव्हाळ्यात दडतो. समोर प्लास्टिकची बदकं तरंगत सोडतो. कायद्याने सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून बार काढता येतो. नेमका तेव्हाच गळवाला मोटरबोट फटफटवत त्या खोट्या बदकांमधून जातो, वर हात हलवून प्रेमाने विचारतो, "काय, मिळालं का काही?" उत्तर छापण्याजोगं नसतं. पाणी सार्वजनिक, हे गळवाल्याचं म्हणणं खरंच. पण शिकाऱ्याच्या कामात मुद्दाम व्यत्यय आणणं तिथे सगळ्या राज्यांत गुन्हा आहे. बदकाच्या आयुष्यात व्यत्यय आणायला मात्र रीतसर परवाना मिळतो, शिवाय २५ डॉलरचं सुबक चित्राचं सरकारी तिकीट. (त्या पैशातून पाणथळ जागा राखतात, हेही सांगायला हवं.)

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत; गळाची शिशाची वजनं बऱ्याच राज्यांत अजून बिनदिक्कत बुडतात. तरी पाणी घाण कोण करतं, यावर दोघेही तावातावाने बोलतात.

तिकडे गळ टाकायला जाणाऱ्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं: पहाटे बदकं जागची हलत नसतील, तर इंजिन मंद करा आणि लांबून वळसा घाला.