वर्षातून एकदा हळदीकुंकू

साताऱ्यात 70 हजारांची गिअरची सायकल घेतलेल्या माणसाला तिचं वजन ग्रॅममध्ये तोंडपाठ असतं. ब्रेकचे पॅड किती उरलेत, हे मात्र यवतेश्वरचा घाट उतरताना डिस्क किंचाळली की कळतं. सांगलीकर दंडोबाच्या डोंगराकडून काळ्या मातीचा थर घेऊन येतो आणि सायकल थेट सर्व्हिसिंग सेंटरवर, मोटारसायकलींच्या रांगेत उभी करतो. प्रेशरच्या फवाऱ्यानं चिखल जातो, सोबत बेअरिंगमधलं ग्रीसही जातं. सायकल चकचकीत, फोटो चकचकीत. हब नंतर सावकाश कुरकुरायला लागतो.

मग तेलपाणी. शिलाई मशीनचं तेल, नाहीतर खोबरेल, हात सढळ. खरं तर चेनच्या एकेका रोलरवर एक थेंब सोडून वरचं पुसून घ्यायचं असतं, कारण बाहेर राहिलेल्या तेलावर कासची लाल धूळ बसली की तिची कानस होते आणि दाते खाते. तोच सढळ हात डिस्कवरही फिरतो. ‘आवाज येत होता, तेल सोडलं.’ आवाज जातो. ब्रेकही जातो.

टायर दाबून बघणं, हँडलचे बोल्ट आवळणं, चाक उचलून आऊट आहे का पाहणं, हे सगळं चहा निवायच्या आत होतं. पण वेळ कुणाला आहे? राइडचा नकाशा अपलोड करायचा असतो ना!

खंडेनवमीला मात्र कसूर नाही. हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, सीटला झेंडूचा हार. तो काढायचं राहून जातं. दसऱ्याला सकाळी त्याचा दोरा मागच्या गिअरमध्ये गुंडाळला जातो, आणि मालक वर्षात पहिल्यांदा वाकून गिअरकडे बघतो.