पैलवानांची फ्लॉरेन्सवारी

फ्लॉरेन्स, रविवार

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही पैलवानांबरोबर पाठवलेली कांदा-लसूण चटणी पोचली, म्हणजे निम्मी पोचली. राहिलेली निम्मी पैलवानांनी इथल्या पावाबरोबर संपवली. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. टस्कनीतला पाव बिनमिठाचा असतो, आणि इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच खाऊन वर कौतुक सांगतात. पहिला घास खाल्ल्यावर पैलवान मला हळूच म्हणाले, "वहिनी, घरात कुणाला बीपी आहे का ओ?"

बालमित्र तुमच्या चिरंजीवांचा, पण नेमकं याच आठवड्यात चिरंजीवांच्या ऑफिसात काम निघालं. मग काय, गाव दाखवायला मी!

सकाळी कॉफीला बारमध्ये गेलो. 'बार' ऐकून पैलवान आधी खुलले आणि आत जाऊन हिरमुसले. इथं काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर एक दर, टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा. पैलवान ऐसपैस बसले. पुढ्यात आली एस्प्रेसो. "हे तर देवळात तीर्थ दिल्यासारखं झालं," म्हणत त्यांनी ती संपवली आणि आणखी दोन मागवल्या. बिल बघितल्यापासून मात्र ते जाईपर्यंत कुठल्याच बारमध्ये बसले नाहीत.

मग कॅथीड्रलचा घुमट. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता एवढा घुमट कसा पेलला, ते मी धापा टाकत सांगत होते. "जोतिबाचा डोंगर पळत चढायचो ओ आम्ही," म्हणणारे पैलवान अर्ध्या वाटेत एका खिडकीशी 'देखावा बघायला' चांगलेच रेंगाळले.

खरी मजा आली ती डेव्हिडपुढं. मायकेलअँजेलोनं १५०४ मध्ये पुरा केलेला पाच मीटरहून उंच पुतळा. लोक त्याच्यासमोर कुजबुजत बोलतात. पैलवानांनी कमरेवर हात ठेवून पूर्ण फेरी मारली आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "पोरगं तयार आहे. मांड्या कसदार. पंजा बघा केवढा, पकड सुटायची नाही. पण सगळा भार उजव्या पायावर टाकलाय, डावा मोकळा. कुणीबी पट काढंल. सहा महिने गंगावेस तालमीत धाडा." हातवारे बघून पर्यटकांचा एक घोळका त्यांना गाइड समजून मागं मागं फिरायला लागला. पोन्ते वेक्कियो पुलावर १५९३ पासून सोनारांची दुकानं आहेत. तिथं त्यांनी घरच्यांसाठी भाव विचारला आणि "आपली गुजरीच बरी" म्हणून पाय काढता घेतला.

पण हे सगळं वाटेतलं. पैलवान आले होते ते राजाराम महाराजांच्या छत्रीसाठी. आपले हे कोल्हापूरचे छत्रपती इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात इथंच वारले, जेमतेम विशीत. दहनाची इथं रीत नव्हती, म्हणून खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं. तिथंच, काशीने बागेच्या पार टोकाला, १८७४ मध्ये छत्री बांधली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आपला नवा राजवाडाही त्यांचाच.

पैलवानांनी बांगलादेशी वाण्याकडून नारळ आणला होता. बूट काढून, हात जोडून झाल्यावर त्यांनी तो बाजूच्या दगडावर फोडला. आवाजानं पळायला आलेले लोक थबकले, आणि कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा चौकशीला जवळ आले. पैलवानांनी त्यांना अख्खा इतिहास कोल्हापुरीत ऐकवला, आजोबांनी इटालियनमध्ये शंका विचारल्या. मी दुभाषी म्हणून पुढं झाले, तर दोघांनी मला हातानंच थांबवलं. खोबरं आजोबांनी खाल्लं, कुत्र्यानंही खाल्लं.

शेजारच्या मोठ्या पुलालाही महाराजांवरूनच 'इंडियानो' नाव आहे. पूल १९७८ चा, आणि तिथं गाड्या हमखास तुंबतात. हे ऐकून पैलवानांची छाती फुगली. "म्हणजे हे गाव अजून आपल्या महाराजांचं नाव घेतंय!"

"वैतागून घेतंय," मी म्हटलं.

"घेतंय नव्हं?"

आता एक विनंती. पैलवानांनी तालमीच्या ग्रुपवर छत्रीचा फोटो टाकून खाली लिहिलंय, 'दर्शनाला या, वहिनींकडं राहायची सोय आहे.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडलाय, आणि दोघांनी तर पासपोर्टला अर्जही केलाय. बाबा, तुम्ही संध्याकाळी तालमीवरून जाताच, तर जाता जाता सांगा की आमच्याकडं बाथरूम एकच आहे. तुम्ही दोघं मात्र एप्रिलात नक्की या. तुमचा नंबर मी सगळ्यांच्या आधी लावून ठेवलाय.

तुमची सून