कान दिसले पाहिजेत

बारावी सायन्सच्या मुलाचा चेहरा कसा असावा, हे आपल्या देशात नियमाने ठरलेलं आहे. ‘नीट’च्या फॉर्मला लावायच्या फोटोत ८० टक्के चेहरा दिसला पाहिजे, कान दिसले पाहिजेत आणि मागे पांढरा रंग पाहिजे. हसण्याबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही. त्या वर्षात कोणी हसेल, ही शक्यता नियम करणाऱ्यांच्या मनालाही शिवली नसावी.

आमच्या कन्येचे गेल्या दोन वर्षांतले सगळे फोटो याच जातीचे. बोर्डाचं हॉल तिकीट, सीईटी, नीट, क्लासचं ओळखपत्र. ओळीने मांडले, तर हिने असं केलंय तरी काय, हा प्रश्न पाहुण्यांना पडावा. भिंतीवर लावलेला एकच फोटो, तो सिनियर केजीतला. आपल्याकडे काळा झगा आणि चौकोनी टोपी माणसाला एकतर साडेपाचव्या वर्षी मिळते, नाहीतर पदवी घेताना. मधे बारावीला, म्हणजे मूल खरोखर घराबाहेर पडायला निघतं तेव्हा, हातात पडतात ती गुणपत्रिका आणि लिव्हिंग सर्टिफिकेट.

निकाल लागला आणि बायकोने फर्मान काढलं, “हिचा एक धड फोटो काढ. हॉस्टेलला गेली की दिवाळीपर्यंत दिसायची नाही.” वेश ठरलेला होता. कॉलेजच्या फेअरवेलला नेसलेली आईची नारायणपेठ. कपाटातला कॅमेराही होता, सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये सुखाने झोपलेला. त्याला ५० मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स. घरगुती हौशी फोटोग्राफरला परवडणारी आणि चेहऱ्याला न्याय देणारी वस्तू एवढीच.

अडचण भूमितीची होती. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स ७५-८०सारखी वागते. कमरेपर्यंतचा फोटो हवा असेल तर फोटोग्राफरने सात-आठ फूट मागे जायला हवं. फोटोतली व्यक्ती भिंतीला चिकटून उभी राहिली तर मागे सावली पडते, म्हणून तीही भिंतीपासून चार फूट पुढे हवी. डोंबिवलीतल्या आमच्या हॉलची लांबी, त्यातून वजा सोफा, वजा टीव्हीचं युनिट, असा हिशेब केल्यावर माझी जागा स्वयंपाकघरात आली. ओट्याला पाठ लावून, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात नेम धरायचा.

“बाबा, मोबाइलनेच काढ ना,” धाकटा म्हणाला. मोबाइलने काढायला हरकत काहीच नाही, पण तो हातभर अंतरावर धरला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्या मानाने लांब पडतात, आणि ज्यांच्या घराण्याला नाकाची देणगी आहे त्यांना त्याचं फळ ताबडतोब मिळतं. मोबाइल असला तरी उपाय तोच. झूम दुप्पट करायचा आणि मागे सरकायचं. म्हणजे पुन्हा कुकर.

जागेचं जमलं, तर उजेडाचं राहिलं. निकाल लागतात मे महिन्यात, आणि मेच्या मध्यावरच मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून खगोलप्रेमी मंडळी गच्चीवर डबे आणि नळकांडी उभी करून तो साजरा करतात. फोटोच्या दृष्टीने त्या उन्हाइतकं वाईट काही नाही. कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. म्हणून गच्ची बाद.

मग खिडकी. मोठ्या खिडकीतून आडवा येणारा मऊ उजेड, माणूस खिडकीला थोडा तिरका बसवला की एक गाल उजळ, दुसऱ्यावर हलकी सावली. रेम्ब्रांटच्या चित्रांतला उजेड साधारण असाच असतो. रेम्ब्रांटच्या खिडकीबाहेर मात्र दोरीवर धाकट्याचा लाल टी-शर्ट वाळत नसे. आमच्याकडे तो होता, आणि एक गाल अकारण लाजल्यासारखा येत होता. टी-शर्ट काढला, तर समोरची पोपटी भिंत दुसऱ्या गालावर उतरली. रंग काढताना ‘फ्रेश वाटतं’ म्हणून निवडलेल्या भिंती चेहऱ्याला कावीळ करतात, हे रंगाच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं.

सावलीच्या बाजूला काहीतरी पांढरं धरलं की दोन्ही प्रश्न सुटतात. भिंतीचा रंग अडतो आणि उजेड परत चेहऱ्यावर येतो. मी माळ्यावरून गणपतीच्या मखराचा थर्माकोल उतरवला. २०१८च्या बंदीनंतर तो वापरता येत नव्हता आणि बायको टाकूही देत नव्हती. “एवढं छान कोरीवकाम आहे” या एका कारणावर तो टिकला होता. सिनेमाच्या सेटवरही उजेड परतवायला सर्रास थर्माकोलच धरतात. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’त बनारसचं घर स्टुडिओत उभारलं होतं. तिथे छायाचित्रकार सुब्रतो मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि त्याच्यावर दिवे सोडून अंगणातला मंद उजेड आणला. हे मी घरात सांगितलं. धाकट्याला थर्माकोल धरायचा कंटाळा आला होता. त्याने विचारलं, “त्यांच्याकडे धरायला माणसं होती ना?”

उरली ट्यूबलाइट. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या. दोन्ही एकदम पडले की कॅमेऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून मी ट्यूब बंद केली. आजी दारातच थबकल्या. “फोटो काढायचाय आणि दिवा घालवतोस?” या प्रश्नाला एकही समाधानकारक उत्तर नाही. मी दिलेल्या उत्तरानंतर त्यांनी जपमाळ उचलली.

पहिले फोटो फार सुंदर आले, फक्त त्यात एकच डोळा होता. एफ १.८ला जवळून फोटो काढला की जेमतेम दोन बोटं जागा स्पष्ट येते. जवळच्या डोळ्याची पापणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, लांबचा डोळा धुक्यात, त्यापलीकडचं सगळं विरघळलेलं. आजींनी चष्मा लावून बघितलं आणि काळजीने विचारलं, “हिचे कान कुठे गेले?” मी एफ ४वर आलो. कान परतले, मागचा इन्व्हर्टरही परतला. तो हलवला. मग कळलं की कालनिर्णय डोक्यातून उगवतंय. ते उतरवलं, तर खिळा. घरात फोटो काढायचा म्हणजे घरातल्या वस्तू एकेक करून बेडरूममध्ये नेऊन ठेवायच्या आणि शेवटी जे उरेल त्याला पार्श्वभूमी म्हणायचं.

इथपर्यंतच्या सगळ्या अडचणींना औषध आहे. ते पुस्तकात मिळतं, यूट्यूबवर मिळतं, शेवटी चुकतमाकत सापडतं. ज्याला औषध नाही ती अडचण समोर स्टुलावर बसलेली असते.

कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला याच मुलीला म्हणतो, “मान थोडी डावीकडे. हनुवटी खाली. खांदे सैल. हलू नका.” ती निमूट ऐकते. त्याची वाक्यं मी शब्दशः पाठ करून म्हटली, तर समोरून उसासा आला. “ताठ बस” हे त्याच्या तोंडी फोटोसाठी असतं. माझ्या तोंडी त्या दोन शब्दांत पहिलीपासूनचे अभ्यास, गृहपाठ, जेवणाची ताटं आणि स्क्रीन टाइम असं सगळं येऊन बसतं. “जरा हस” तर बोलूच नये. वडिलांनी सांगितल्यावर जे ओठांवर येतं, त्यात दात दिसतात एवढंच. स्टुडिओवाल्याचं भांडवल त्याचे दिवे नाहीत, त्याच्या छत्र्या नाहीत. तो परका आहे, हे त्याचं भांडवल.

मोबाइल तिच्या हातातून सुटत नव्हता, तेव्हा मला यूसुफ कार्श आठवले. ३० डिसेंबर १९४१ला ओटावात, कॅनडाच्या संसदेपुढे भाषण करून आलेल्या चर्चिलचा फोटो त्यांना काढायचा होता आणि चर्चिल सिगार सोडेनात. कार्श पुढे गेले, तोंडातली सिगार सरळ काढून घेतली आणि मागे येऊन फोटो घेतला. त्या क्षणी चर्चिलच्या चेहऱ्यावर जो संताप उमटला तो जगभर गाजला. २०१६पासून तो ब्रिटनच्या ५ पौंडांच्या नोटेवरही आहे. मी पुढे गेलो, मोबाइल काढून घेतला आणि स्वयंपाकघरात परतून बटण दाबलं. संताप हुबेहूब आला. मात्र नोटेवर छापण्यापूर्वी बायकोने तो डिलीट केला.

“कँडिड काढ ना बाबा,” कन्या म्हणाली. कँडिडसाठी तिने केस तीनदा मागेपुढे केले, खिडकीबाहेर नजर लावली आणि ओठ न हलवता सूचना दिली, “तू बघत नाहीयेस असं कर.” मी बघत नसल्यासारखं केलं. फोटोत समोरच्या विंगची पाण्याची टाकी आली.

त्यातूनही जे बरे आले ते तिला नापसंत. “मी अशी दिसत नाही.” ही तक्रार वाटते तितकी पोकळ नाही. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थिनींना त्यांचाच फोटो सरळ आणि आरशातल्यासारखा उलटा, असा दोन्ही तऱ्हांनी दाखवला. बहुतेकींना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. स्वतःला आपण आरशात बघतो, आताची मुलं सेल्फीच्या पडद्यावर, तोही आरशासारखाच. म्हणून मी चांगला फोटो निवडून कॉम्प्युटरवर उलटा केला आणि दाखवला. “हा मस्त आहे! आधी का नाही दाखवलास?” मोहीम फत्ते झाली असती, पण आजी मागून डोकावल्या. “हिने पदर उजव्या खांद्यावर कधी घेतला?”

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या. थर्माकोल, काळोख असा सरंजाम बघून म्हणाल्या, “आमच्याही चिरंजीवांचा काढून द्याल का?” चिरंजीव आले. मी म्हटलं, मान डावीकडे. “हो काका.” हनुवटी खाली. “अशी चालेल का काका?” जरा हस. हसला. चहाला आधण येईपर्यंत काम संपलं. घरी तो कोणाचं ऐकत नाही, असं काकू स्टुलाशेजारी उभ्या राहून सांगत होत्या.

मुलाला न्यायला त्याचे वडील आले होते. मी त्यांच्या हातात कॅमेरा दिला. एफ ४, आयएसओ ४००, फोकस जवळच्या डोळ्यावर, तुम्ही फक्त बटण दाबा. आयुष्यभर बँकेत चेक तपासलेल्या त्या सज्जन माणसाने घसा खाकरला आणि म्हणाले, “बाळ, हनुवटी जरा खाली घेतेस का?” “हो काका,” आमची म्हणाली. आणि हसली. आम्हाला कधीच न मिळणारं, खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू.

तोच फोटो मोठा करून आणला. फॅमिली ग्रुपवर टाकल्याबरोबर नागपूरच्या मावशीने विचारलं, कुठल्या स्टुडिओत काढला. मी उत्तर दिलं नाही.

आता दोन मजल्यांत तोंडी करार झाला आहे. पुढच्या वर्षी धाकट्याची दहावी आणि त्यांच्या मुलीचीही. त्यांची मुलगी मी काढणार, माझा मुलगा ते. काकांनी तेवढ्यासाठी स्वतःची नवी लेन्स मागवली आहे. परवा काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “अशा भिंगाची किंमत खरं सांगा, किती असते हो?” मी शेजारधर्माला जागलो आणि निम्मी सांगितली.