फाइल अडली, फाशी टळली

फाशी असावी की नसावी, या वादात महाराष्ट्रात दोनच पक्ष आहेत असा आमचा समज होता. एक मेणबत्ती हातात घेऊन ‘भर चौकात लटकवा’ म्हणणारा. दुसरा परिसंवादात ‘सुसंस्कृत समाजाला हे शोभत नाही’ असं सांगून अल्पोपाहाराकडे वळणारा. हे दोघे एकमेकांवर डाफरत राहिले आणि तिसऱ्यानं गुपचूप काम फत्ते केलं. हा तिसरा म्हणजे गृहखात्यातलं टेबल. फाशीविरोधी चळवळीत या टेबलाइतकं ठोस काम राज्यात कुणाच्या नावावर नाही. त्याचा जाहीर सत्कार झाला पाहिजे.

कोल्हापूरचं बालहत्याकांड घ्या. लहान मुलं पळवायची, चोरी करताना ढालीसारखी वापरायची आणि जड झाली की मारून टाकायची. २००१ मध्ये या गुन्ह्यांसाठी दोघी बहिणींना फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मग दयेचे अर्ज निघाले. टिपणीवर टिपणी चढली असणार: ‘सादर’, ‘अवलोकनार्थ’, ‘कृपया चर्चा करावी’, ‘सहपत्र आढळून येत नाही’. राष्ट्रपतींचा नकार यायला २०१४ उजाडलं. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं या विलंबापायी फाशीची जन्मठेप केली आणि सुनावलं, की इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या जमान्यात नुसती फाइल फिरायला सात वर्षं लागतात हे चालणार नाही. माननीय न्यायमूर्तींना मंत्रालयात स्वतःचं काम घेऊन जायची वेळ आली नसावी.

योगायोग म्हणाल, तर पुण्याचं पाहा. २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कॅबचालकानं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून तिला मारलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली, २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली. आता फक्त वॉरंट काढायचं होतं. ते निघायला २०१९ लागलं. या उशिरापायी उच्च न्यायालयात फाशी बाद झाली, पस्तीस वर्षांची कैद आली. त्या मुलीच्या आईवडिलांनी कुणाला जाब विचारायचा? आवक-जावक नोंदवहीला?

दिल्लीही मागे नाही. २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनानं ज्यांची फाशी माफ केली, त्यांतला एक कैदी बेळगावच्या तुरुंगात २००७ मध्येच वारला होता. दया मंजूर, लाभार्थी गैरहजर.

नेतेमंडळींना अर्थात उपाय माहीत आहे: आणखी फाशी. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं. तपास झटपट, खटला झटपट, गंभीर अत्याचाराला फाशीपर्यंत शिक्षा. बाकं वाजली. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि कायदा व्हायचं राहूनच गेलं. ज्यांच्या तसबिरीखाली ही बाकं वाजतात, त्या बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच रद्द करावी असं मत दिलं होतं. पण ते जयंतीच्या भाषणात बसत नाही.

झटपटवाल्यांना आणखी एक प्रकरण सांगायचं आहे, ते मात्र त्यांनी बसून ऐकावं. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच दिली. दुर्मिळातलं दुर्मिळ प्रकरण म्हणून. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधल्या भलत्याच चौघांवर बोट ठेवलं होतं, पण त्या चौघांच्या मागे कुणी गेलंच नाही. सहांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात, भरपाई प्रत्येकी पाच लाख. यांचं प्रकरण ‘झटपट’ झालं असतं, तर पाच लाखांच्या पावतीवर अंगठा उठवायला कुणी उरलं नसतं.

म्हणजे एकाच उशिरानं दोषीही जगले आणि निर्दोषही. कोणाला फाशी द्यावी यावर आमच्याकडे कायद्याची जाडजूड पुस्तकं आहेत. प्रत्यक्षात कोण मरतं आणि कोण सुटतं, हे रजा, बदली आणि टपाल ठरवतं. हे ज्यांना चालतं, त्यांनी खुशाल ‘न्याय झाला’ म्हणावं. आम्ही त्याला सोडत म्हणतो, म्हाडाच्या घरांसारखी. फक्त तिथे नाव लागलं की पेढे वाटतात.

पुण्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला आणि सर्व राज्यांना आदेश दिला: दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन करा. कक्ष म्हणजे कक्ष अधिकारी आला. त्याच्यासाठी पदनिर्मितीचा प्रस्ताव आला, प्रस्तावाला वित्त विभागाची हरकत आली, हरकतीला खुलासा आला. कपाटाची निविदा वेगळी.