पाच दिवसांपुरती वायर

नानांच्या स्वयंपाकघराची खिडकी 1994 पासून नीट लागलेली नव्हती. त्या वर्षी गणपतीचं मखर करायला मागच्या गॅरेजात दिवा हवा होता. नानांनी ओट्यावरच्या प्लगमधून एक वायर काढली, खिडकीतून बाहेर सोडली, कपडे वाळत घालायच्या तारेला दोन ठिकाणी बांधली आणि आंब्याच्या फांदीवरून गॅरेजात नेली. "पाच दिवसांपुरती आहे," असं नानींना सांगितलं. पाचव्या दिवशी गणपती गेले. वायर राहिली. खिडकीला बोटभर फट राहिली आणि तिच्यातून डास येऊ नयेत म्हणून नानींनी लुगड्याची एक चिंधी कोंबली, तीही राहिली.

आमच्या सांगलीतच असे नाना आहेत असं नव्हे. बंगल्यांची कुठलीही जुनी कॉलनी घ्या, एक तरी निघतोच. ओळखायची खूण सोपी आहे. त्यांच्या घरातल्या कुठल्याही सोयीबद्दल विचारा, उत्तर 'सध्या' या शब्दाने सुरू होतं. सध्या नळाला सुतळी गुंडाळलीय. सध्या फाटकाला वीट लावतो. यावरून नानांना आळशी समजाल तर फसाल. आळशी माणसाला काम करायचंच नसतं. नानांना ते सर्वोत्तम करायचं असतं, आणि सर्वोत्तम ठरेपर्यंत सध्याचं चालू असतं.

नाना बँकेत कर्ज विभागात होते. तीन कोटेशनं समोर आल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात पेनाचं टोपण काढलं नाही. 'गॅरेज – वीज' अशी त्यांची एक फाइल आहे. गॅरेजात आधी स्कूटर होती, मग मारुती 800 आली, मग तीही गेली. फाइल मात्र वाढत राहिली. आत एक तक्ता आहे, त्याला अकरा रकाने.

पहिला पर्याय, वरून वायर. भिंतीला ब्रॅकेट, दोन्हीकडे ताणलेली जीआय तार आणि तिच्या आधाराने केबल. खर्च सगळ्यात कमी. पण मध्ये आंबा. फांदी तोडावी लागेल, आणि नेमकी तीच फांदी फळ धरते.

दुसरा, जमिनीखालून आर्मर्ड केबल. इथे नाना रमतात. "नुसतं मातीत पुरून चालत नाही रे. पाऊण मीटर खोल चर पाहिजे. खाली वाळू, वर वाळू, तिच्यावर विटा. म्हणजे पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल, माणूस वाचेल." हे सगळं बरोबर आहे. पण 2019 चा महापूर झाला आणि नानांनी तक्त्यात 'पूर' हा रकाना वाढवला. त्यांच्या अंगणात पाणी आलं नव्हतं. "आलं असतं तर?" असं ते म्हणाले आणि आणखी दोन वर्षं गेली.

तिसरा, गॅरेजला वेगळा मीटर. एकाच आवारात, त्याच घरगुती वापराला दुसरं कनेक्शन सहसा मिळत नाही, हे कळायला नानांना तीन हेलपाटे पडले. पण त्यांना खरा धक्का बसला तो बिलातल्या 'स्थिर आकार' या ओळीने. "दिवा लावला नाही तरी पैसे? दर महिन्याला?" व्याज आकारण्यात हयात घालवलेल्या माणसाचा तो संताप बघण्यासारखा होता.

चौथा पर्याय 2024 च्या फेब्रुवारीत आला. पीएम सूर्यघर योजना, तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान. नाना आठवडाभर हवेत होते. मग कुणीतरी सांगितलं, की बॅटरी नसलेलं असं सोलर लाईट गेली की आपणहून बंद होतं; नाहीतर आपली वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. कारण नानांना पटलं. पण "छतावर ऊन आणि गॅरेजात अंधार" हे पटेना. चौथ्या रकान्यातही प्रश्नचिन्ह पडलं.

सगळ्यांवर कडी म्हणजे जाडीचा हिशोब. घर ते गॅरेज 25 मीटर, जाऊन-येऊन 50. अडीच एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला 7.41 ओहम. पंधरा अँपिअर ओढले तर साडेपाच व्होल्ट गळणार. "230 मधले साडेपाच!" ही गळती नानांच्या मनाला इतकी लागली, की चार एमएम घ्यावी की सहा, यावर आणखी एक पावसाळा गेला. तोवर गॅरेजातला दिवा सुतळीएवढ्या वायरवर, काळ्या टेपच्या तीन जॉइंटांसकट जळत होता. तिथे किती व्होल्ट गळतात, हे त्यांनी कधी मोजलं नाही. ती सध्याची वायर होती ना!

ओट्यावर प्लग एकच. नाना गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून असले, की नानींना नेमका मिक्सर लावायचा असायचा. पिन निघे, गॅरेज काळंकुट्ट.

"अहो, वाटण चाललंय!"

"किती राहिलंय?"

"खोबरं झालं, लसूण राहिलाय!"

नानांकडे आज काय बेत आहे, हे कॉलनीला असं अंधारातून कळायचं.

2024 च्या पाडव्याला मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. साठ वॅटच्या बल्बची सवय असलेल्या वायरवर साडेसातशे वॅटचा चार्जर चढला, तोही पाच-पाच तास. तिसऱ्या रात्री जळका वास आला. पिन वितळून प्लगला चिकटली होती आणि आंब्याखालचा जॉइंट काळाठिक्कर पडला होता. सकाळी वायरमन आला. नानांनी फाइल उघडली.

"नाना, तक्ता मागनं बघू. घर वाचलंय, ते आधी बघा की ओ," वायरमन म्हणाला. "मेन बोर्डातनं सरळ लाईन काढू, जमिनीतनं. गॅरेजात छोटा डीबी, तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंग. दोन दिवसांचं काम."

"पण चर कढीपत्त्यावरून जातोय," नाना विजयी मुद्रेने म्हणाले. "तो हलवलेला हिला चालणार नाही."

नानी दारातच होत्या. "मला कधी विचारलंत?"

तीस वर्षं, अकरा रकाने, आणि नानींचा रकाना नव्हताच. चर कढीपत्त्याला हातभर वळसा घालून गेला. तिसऱ्या दिवशी गॅरेजात दिवा लागला, स्कूटर चार्जिंगला लागली आणि स्वयंपाकघराची खिडकी खट्‌कन लागली. नानींनी ती चिंधी धुतली, वाळवली आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. टाकून दिली नाही.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी मी पत्री द्यायला गेलो. पावसाने स्वयंपाकघराची भिंत ओली झाली होती आणि ओट्यावरच्या प्लगला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. भिंत सुकेपर्यंत ही लाईन बंद ठेवा, असं वायरमन सांगून गेला होता. घरात पाहुणे, आणि मिक्सर मुका. नाना कुठे दिसेनात.

तेवढ्यात खिडकी बाहेरून बोटभर उघडली. फटीतून वायरचं एक टोक आत आलं, आणि मागोमाग नानांचा आवाज. "गॅरेजातनं घेतलीय. लाव मिक्सर. पाच दिवसांपुरती आहे!"

नानी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि चिंधी काढली.