देठापासून पारख

भरताच्या मोसमात जळगावच्या बाजारात वांगं घेणारा माणूस न्यायाधीशाच्या थाटात उभा असतो. वांगं तळहातावर तोलतो. जड लागलं तर बियांनी भरलेलं म्हणून परत ठेवतो. देठाजवळ टाचणीएवढं भोक दिसलं, की विकणाऱ्या मावशींची उलटतपासणी सुरू होते. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या चिकित्सक जमातीचा वाटा कोणी मोजलेला नाही. हाच माणूस घरी येतो, ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं ठरवलं’ हे वाचतो आणि देठही न बघता सगळ्या ग्रुपवर वाढून टाकतो.

सबब, खानदेशातील तमाम मोबाईलधारकांसाठी हे मार्गदर्शन. नवीन काही शिकायचं नाही. वांग्याला लावता तेच मेसेजला लावायचं.

प्रथम देठ बघावा. माल कोणत्या शेतातला? ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’ यातले डॉक्टर कोणत्या गावचे, हे कधीच लिहिलेलं नसतं. ‘आत्ताच बातमी आली’ यातलं आत्ता कोणत्या सालचं, तेही नाही. तारीख नसल्यामुळे असा मेसेज वर्षानुवर्षं ताजा राहतो. एवढी टिकाऊ भाजी यावलच्या शिवारातही पिकत नाही. पूर्वी देवाच्या नावाची पत्रकं यायची: इतक्या प्रती वाटा, नाहीतर नुकसान. पण तेव्हा श्रद्धाळूला छापखान्याचं बिल तरी भरावं लागे.

मग वजन. नोव्हेंबर २०१६ मध्ये एक भारी माल आला होता. दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, नोट जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला दिसते! एवढ्या खोलीवर पाणी लागेना म्हणून बोअरवाल्याशी भांडणारा शेतकरीही यावर मान डोलवत होता. १९ मे २०२३ला रिझर्व्ह बँकेने ती नोट मागे घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा नोटा शोधायला कोणताही उपग्रह आला नाही. लोकांनाच डबे उपसून बँकेत जावं लागलं.

भोक मात्र चष्मा लावून बघावं. ‘पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, सोबतचं अॅप घ्या’ असा मेसेज येतो आणि त्याला ‘एपीके’ असं शेपूट असतं. दोन हजारांच्या हप्त्यासाठी ते उघडलं, की आतली अळी मोबाईलमधले ओटीपी वाचू लागते. या योजनेचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, व्हॉट्सअॅपवर फाईल पाठवून सरकार हप्ता देत नाही. पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआयचा पिन मागणारा तर किडका मालच. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.

व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला साहेब ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ म्हणाला, तर घाबरून दार लावून घेऊ नये. अशी अटक कायद्यात नाही. त्याला शांतपणे अहिराणीत विचारावं, ‘कोनता गावना शेतस तुम्ही?’ आणि फोन ठेवावा. तोवर पैसे गेलेच असतील, तर लाजत बसण्यापेक्षा तत्काळ १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावावा. चोर भाड्याच्या खात्यांतून पैसे पुढे पुढे सरकवत असतो. मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता आले तर येतात.

आता ज्या मेसेजमध्ये आपला एक रुपयाही जात नाही, त्याचं काय? ‘आलं तसं पाठवलं, खरं असेल तर बरं’ म्हणून पुढे ढकललेला. इथे वांग्याची उपमा बाजूला ठेवावी लागते.

२०१८च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज देशभर फिरत होते. सोबत एक व्हिडिओ असे: मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावरचं मूल उचलतात, पसार होतात. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीपट होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे परत येऊन मूल सोडतात आणि पालकांसाठी लिहिलेली पाटी दाखवतात. तेवढा तुकडा कोणीतरी कापला होता. बाकीच्यांनी आलं तसं पाठवलं.

टोळीची अफवा धुळे जिल्ह्यातही पोचली होती. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. देठ, वजन, भोक बघायला कोणी थांबलं नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं बंधन आणण्याचं जाहीर केलं. सहावं नाव निवडायला गेलं, की बोट आजही तिथेच अडतं.